ग्रीन टीने लिव्हरमधली चरबी जळते का? कॅप्सूल घेण्याआधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की ग्रीन टीमधले घटक लिव्हरमधल्या चरबीवर नेमकं काय करतात, आणि चहापेक्षा अर्काच्या कॅप्सूल जास्त गुणकारी असतात का. प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही.

सोनोग्राफीत मला ग्रेड 2 फॅटी लिव्हर निघालं, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 58. मोठ्या भावाने दुसऱ्याच दिवशी अर्काच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. "पानांचाच अर्क आहे, त्याने कसला अपाय होतोय?" वजन लवकर उतरावं म्हणून मी दोन कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी घ्यायचो. सातव्या आठवड्यात अन्नावरची वासना गेली. मग लघवी गडद व्हायला लागली, आणि एका सकाळी बायको म्हणाली, "तुमचे डोळे पिवळे दिसतायत." एसजीपीटी 640. हेपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. डॉक्टरांनी काय काय घेता म्हणून विचारलं, तेव्हा कॅप्सूलचं नावही मी घेतलं नाही, कारण ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. बाटली त्यांच्यासमोर ठेवली ती बायकोने. त्याच दिवशी कॅप्सूल बंद झाल्या. एसजीपीटी पूर्ववत व्हायला तीन महिने लागले.

आता तुमचा प्रश्न. ग्रीन टीमधला मुख्य घटक ईजीसीजी. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत तो एएमपीके या एन्झाइमला चालना देतो. पेशीला इंधनाची टंचाई भासली की एरवी हेच एन्झाइम जागं होतं. ते जागं झालं की मॅलोनिल-कोए घटतं. फॅटी अ‍ॅसिडना मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्टीच्या, दारात अडवून धरणारं हेच, त्यामुळे ते घटलं की फॅटी अ‍ॅसिड आत जाऊन जळू लागतात. दुसरीकडे नवी चरबी तयार करणारी जनुकं मंदावतात, आणि आतड्यात चरबी पचवणाऱ्या लायपेज या एन्झाइमला थोडा अडथळा झाल्याने खाल्लेली चरबीही कमी शोषली जाते. कागदावर हे सगळं उत्तम आहे. पण जनावरांवरच्या प्रयोगांतले डोस बरेचदा मोठे असतात, आणि माणसाने प्यालेल्या चहातलं ईजीसीजी रक्तात फारच थोडं उतरतं. कपभर चहाने लिव्हर साफ होतं असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

म्हणूनच लोक अर्काकडे वळतात, आणि धोका तिथेच आहे. उपाशीपोटी ईजीसीजी जास्त शोषलं जातं, म्हणजे माझी पद्धत सगळ्यात वाईट होती. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली स्पष्ट केलं की पूरकांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेल्यास लिव्हरची एन्झाइम्स वाढताना दिसतात. 2022 मध्ये युरोपीय संघाने दिवसाची मात्रा 800 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा आणि लेबलवर 'उपाशीपोटी घेऊ नये' असं छापायचा नियम केला. माझ्या बाटलीवर ईजीसीजी किती, हेच लिहिलेलं नव्हतं.

भाऊ अजूनही मानत नाही. "तुझं लिव्हर आधीच खराब होतं, कॅप्सूलला दोष देऊ नकोस. रिपोर्टमध्ये कुठे लिहिलंय?" रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही, हे खरं आहे. या इजेची वेगळी टेस्ट नसते. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची आणि वस्तू थांबवल्यावर आकडा उतरतो का ते बघायचं, निदान असंच होतं. पुन्हा घेऊन खात्री करायची म्हटली तर दुसऱ्या वेळची इजा जास्त गंभीर होऊ शकते. आणि 58 चा 640 फॅटी लिव्हरने सात आठवड्यांत होत नाही, हे मी त्याला दहादा सांगितलंय.

एक राहिलं. सगळ्यांना असं होत नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. अशी इजा झालेल्यांत एचएलए-बी*35:01 हा जनुकप्रकार बराच जास्त आढळलाय, पण कॅप्सूल घेण्याआधी तो कुणी तपासत नाही. साधा चहा आवडत असेल तर खुशाल प्या, तो मीही पितो. लिव्हरमधली चरबी उतरवायची असेल तर वजन उतरवा: 5 टक्क्यांनी चरबी कमी व्हायला लागते, 7 ते 10 टक्क्यांनी सूजही ओसरू शकते. माझं 8 टक्के उतरलं, तेही कॅप्सूल बंद केल्यावर, आणि पुढच्या सोनोग्राफीत ग्रेड 1 आलं. तो रिपोर्ट भावाला पाठवलाय.