जुन्या नो-पार्किंग चलनाची लोकअदालतीची नोटीस मोबाईलवर आली, काय करू?

घाबरू नका, नोटीस आली म्हणून लगेच पोलीस दारात येत नाहीत. पण मेसेजमधल्या लिंकवर लगेच बोटही ठेवू नका. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी) तर सरळ उडवा, ती खातं रिकामं करणाऱ्यांची असते.

महाट्रॅफिक ॲप किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलन साइट स्वतः उघडा. गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली सगळी चलनं दिसतात. (आरसी हाताशी ठेवा, ते आकडे कुणाला पाठ नसतात.) मग फोटो मोठा करून पाहा. नंबरप्लेटवरचा ३ की ८? गाडी तुमचीच का? ठिकाण, तारीख जुळते का? गाडी विकून झाल्यावरचं चलन असेल, तर आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची तारीख पुरावा म्हणून चालते.

चूक दिसली तर तिथेच तक्रार नोंदवा, फोटो-कागद जोडा, आणि निकाल लागेपर्यंत पैसे भरू नका. चलन खरंच तुमचं असेल तर ऑनलाइन भरून पावती जपा. लोकअदालतीत कधी तडजोडीने रक्कम कमी होते, पण दोन-चारशे रुपयांसाठी सुट्टी टाकून रांगेत उभं राहणं मला तरी परवडत नाही. चलनं दहा-बारा साचली असतील तर मात्र जरूर जा.