पांढऱ्या कोनफ्लॉवरचे खत आवरा, पाणीही आवरा

प्रश्न : कोनफ्लॉवर हिरवेगार वाढले, पण दांडे लोळतात आणि फुले जवळजवळ नाहीत. दुकानदाराने १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) आणि टॉनिक आलटूनपालटून द्यायला सांगितले होते, ते चालू आहे. मात्रा वाढवू का?

उत्तर : वाढवू नका. बंद करा, आजपासून. या झाडाच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच खत निघते. कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया, मूळचे उत्तर अमेरिकेतील गवताळ माळरानांचे. बेताच्या जमिनीत, गवताशी चढाओढ करत फुलण्याची त्याला सवय आहे. अशा झाडाला नत्र पाजले की पाने माजतात, दांडे लांब आणि लुसलुशीत होतात, वाऱ्याने आडवे पडतात आणि मागून भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, येते. भुरी आली की तोच दुकानदार बुरशीनाशकाची बाटली काढतो. खत त्याचे, रोग त्या खताने ओढवलेला, औषधही त्याचेच. या फेऱ्यात पडू नका.

वर्षातून एकदा, नवी फूट येण्याच्या सुमारास, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट बोटभर जाडीने पसरा, तेही बुंध्यापासून चार बोटे लांब. एवढे पुरते. फुलासाठी खत लागत नाही, ऊन लागते : दिवसाचे किमान सहा तास. झाड सावलीत असेल तर जागा बदला. टॉनिक उन्हाची भरपाई करत नाही. आणि रोप बियांपासून केलेले असेल तर ते बहुधा दुसऱ्या वर्षी नीट फुलते. पहिल्या वर्षी फूल नाही म्हणून त्याला काहीही पाजू नका.

भुरी आली तरी घाबरू नका, तिने झाड सहसा मरत नाही. रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा, पाणी पानांवर नव्हे तर मुळाशी द्या, खराब पाने काढून टाका. गंधक फवारायचेच ठरवले तर लेबलवरच्या मात्रेतच आणि कडक उन्हात मुळीच नाही. पारा ३२ अंशांपुढे असताना फवारलेल्या गंधकाने पाने करपतात.

प्रश्न : पाकळ्या खाली झुकतात म्हणून रोज पाणी देते. आता बुंधा काळा पडून मऊ झाला आहे.

उत्तर : पाकळ्या झुकणे हा या फुलाचा स्वभाव आहे, तहान नव्हे. फूल जुने होत जाते तशा पाकळ्या आणखी खाली येतात. पाणी द्यायचे की नाही हे माती पाहून ठरवा, फूल पाहून नव्हे. वरचा दोन इंच थर सुकला तरच भरपूर पाणी द्या, मग वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचे पाणी निथळू द्या. रोज थोडेथोडे पाणी हे या झाडाचे मरण आहे.

काळा बुंधा मऊ झाला असेल तर ते रोप गेले, काढून टाका. त्यावर बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे ते मुळाशी ओता, असे कोणी सांगितले तर पैसे वाचवा. पुढची लागवड गादीवाफ्यावरच करा. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि पुन्हा सांगतो : आठ-दहा इंच उंच गादीवाफा, भारी मातीत भरड वाळू आणि कंपोस्ट, रोपाचा बुंधा मातीच्या पातळीला, कधीही खाली नाही. आच्छादन बुंध्याला भिडवू नका. निचरा जमला की या झाडाची निम्मी काळजी मिटते.

प्रश्न : पांढऱ्याऐवजी हिरवी, वेडीवाकडी फुले येत आहेत. कोणते औषध?

उत्तर : आधी थांबून पाहा. पांढऱ्या जातीची फुले उमलताना हिरवटच असतात, चार-आठ दिवसांत पांढरी होतात. पण पूर्ण वाढलेल्या फुलाच्या मधल्या फुगीर भागातून पानांसारखे हिरवे झुपके निघाले, पाने पिवळी आणि झाड खुरटे दिसले, तर तो अ‍ॅस्टर यलोज. हा फायटोप्लाझ्माचा (जिवाणूसारख्या अतिसूक्ष्म जंतूचा) रोग तुडतुडे पसरवतात. त्यावर औषध नाही. दुकानात जे काही मिळेल ते औषध नाही. झाड मुळासकट उपटून बागेबाहेर टाका, त्याचे विभाजन करून कोणाला देऊ नका. झुपके फक्त फुलातच असतील आणि बाकी झाड निरोगी असेल, तर बहुधा कोळी (माइट नावाची अतिसूक्ष्म कीड) आहेत. तेवढी फुले कापून नष्ट करा. दोन्ही वेळी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणाऱ्या, कीटकनाशकाच्या मागे लागू नका. ते परागात आणि मधुरसात उतरते, आणि या फुलावर मधमाशा दिवसभर असतात.

प्रश्न : बी उगवले नाही. काही उगवले, ते गुलाबी निघाले.

उत्तर : बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घाला, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार आठवडे ठेवा, मग पेरा. वर मातीचा अगदी पातळ थर द्या, खोल गाडू नका. उगवण दोन-तीन आठवड्यांत होते. जवळ जांभळी किंवा गुलाबी जात असेल तर मधमाशा संकर करतात, म्हणून घरच्या बियांवर भरवसा ठेवू नका. ‘व्हाइट स्वान’ बियांपासून मिळते, पण बी ताजे घ्या. तोच रंग हमखास हवा असेल तर तीन-चार वर्षांचे निरोगी झुडूप नवी फूट येताना खोदून फोडा. प्रत्येक तुकड्याला मुळे आणि दोन-तीन फुटवे हवेत. फुलावर असताना फोडू नका.