ड्रोनने कीड ओळखायला शिकवताना

प्रश्न : आमच्या कृषी विद्यालयात एक व्हीआर चष्मा (डोळ्यांपुढे आभासी दृश्य उभं करणारा) आलाय. त्यात कपाशीवर ड्रोन उडवून कीड ओळखायचा धडा आहे. मुलं नकाशावरच्या लाल भागाकडे बोट दाखवतात आणि ‘इथे कीड’ म्हणून मोकळी होतात. एवढं पुरे का? शिवाय वर्गात चाळीस मुलं आणि चष्मा एकच!
— एक शिक्षिका, कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पुरे नाही. हे तुम्हाला खटकलं याचा मला मनापासून आनंद झाला. धडा मात्र टाकून देऊ नका. उड्डाणाच्या समांतर ओळी आखणं, विजेच्या तारा सांभाळणं, वाऱ्यात ड्रोन स्थिर ठेवणं हे चष्म्यातच शिकावं. तिथे ड्रोन आपटला तरी नुकसान नाही.

पण नकाशा कीड दाखवत नाही, झाडावरचा ताण दाखवतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, त्रासलेलं पान कमी. त्रास कशाचा, ते कॅमेऱ्याला कळत नाही. कपाशीचं पान रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी लालसर होतं, तसं लाल्यानेही होतं. लाल्या ही कीडच नाही. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, पाणी साचलं, रात्री गार झाल्या की तो दिसतो. ३० मीटरवरून साध्या कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात जवळपास १ सेंटिमीटर जागा मावते. तुडतुडा जेमतेम ३ मिलिमीटरचा, तोही पानामागे बसलेला.

म्हणून माझा आग्रह असा : लाल भाग सापडला की मुलांना चष्मा काढायला लावा आणि शेतात न्या. २० झाडं निवडायची, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून तुडतुडे मोजायचे. दर पानाला सरासरी २ ते ३ भरले, तरच फवारणीचा विचार. हे मोजणं तुमच्या जिल्ह्यात तर सोडूच नका. २०१७ मध्ये फवारताना विषबाधा होऊन तिथे माणसं गेली. विनाकारण फवारणी सांगणारा विद्यार्थी मला तयार करायचा नाही.

गुलाबी बोंडअळीपुढे तर वरचा कॅमेरा आंधळाच. ती बोंडात असते. डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली फुलं) शोधा, हिरवी बोंडं फोडा, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) रोज बघा. एका सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग आले, की सावध व्हायचं.

आता चाळीस मुलांचं. पाच-पाचच्या तुकड्या करा. एक मूल चष्म्यात, बाकीचे चौघे पडद्यावर बघत त्याला प्रश्न विचारतील. मूल खुर्चीवर बसलेलं असू द्या आणि दहा मिनिटांच्या आत चष्मा उतरवा, काहींना गरगरतं. उरलेल्या तुकड्या त्या वेळी कपाशीत मोजणी करतील. दुसऱ्या दिवशी अदलाबदल करा आणि चष्म्यातल्या आणि शेतातल्या नोंदी फळ्यावर शेजारी लिहा. त्या जुळल्या नाहीत, तर त्या दिवशीचा तास त्यावरच घ्या.