‘जाऊबाईंची मुलगी मान धरते, माझा मुलगा अजून लुळाच’

“मॅडम, दोघं दहा-बारा दिवसांच्या फरकाने जन्मले. जाऊबाईंची मुलगी मान धरते, पालथी ठेवली की डोकं वर करून इकडेतिकडे बघते. माझा मुलगा अजून लुळाच आहे. त्याच्या नसा कमजोर राहिल्यात का?”

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या फॉलो-अपला मी समुपदेशक म्हणून बसते. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण हा प्रश्न कधी चुकत नाही. तुलना कधी जावेच्या बाळाशी असते, कधी शेजारच्या, तर कधी स्वतःच्याच थोरल्याशी. इथे सांगते आहे ते एका कुटुंबाचं. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बाळ ३० व्या आठवड्यात जन्मलं, वजन साधारण तेराशे ग्रॅम. सुरुवातीला श्वासासाठी मशीनचा आधार लागला आणि बरेच दिवस नळीने दूध द्यावं लागलं. मेंदूची सोनोग्राफी ठीक होती. आता बाळाला चार महिने पूर्ण झाले होते. सोबत बाबा होते आणि आजी होत्या. आईच्या हातात फोन होता, त्यात जावेच्या मुलीचा व्हिडिओ उघडूनच ठेवलेला. मला बाळ दाखवायच्या आधी त्यांनी तो दाखवला.

मी कागद पुढे ओढला आणि विचारलं, “डॉक्टरांनी तुम्हाला मुळात कोणती तारीख दिली होती?” ही तारीख कुठल्याच आईला आठवावी लागत नाही. त्यांनी पटकन सांगितली. “त्या तारखेपासून आजपर्यंत किती आठवडे झाले?” बाबांनी बोटांवर मोजलं. सात.

वाढीचे टप्पे पाहताना हे बाळ चार महिन्यांचं नाही, सात आठवड्यांचं आहे. याला सुधारित वय म्हणतात. ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले, तितके जन्मतारखेच्या वयातून वजा करायचे. जावेची मुलगी ३९ आठवड्यांची होऊन आली, त्यामुळे ती खरोखरच चार महिन्यांची. घरात दोघांना शेजारी ठेवून बघत होते ते दोन वेगळ्या वयांच्या बाळांना.

आजींना हे पटलं नाही, आणि त्यांची हरकत रास्त होती. “बाहेर येऊन चार महिने झाले. श्वास घेतोय, दूध पितोय, आवाजाला बघतोय. मग वय कमी कसं धरायचं?”

वजाबाकी सगळेच शिकवतात, ती का करायची हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग घरच्यांना वाटतं, डॉक्टर समजूत काढताहेत. म्हणून आजींना उत्तर देण्यात मी बराच वेळ घालवला.

बाळ बाहेर आलं की फुफ्फुसं, आतडी यांना कामाला लागावंच लागतं. मज्जातंतू आणि स्नायूंची पिकण्याची गती मात्र जन्मामुळे फारशी बदलत नाही. मज्जातंतूवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत जातं, आणि आवरण चढेल तसा संदेश वेगाने धावतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या हातापायाच्या मज्जातंतूतला हा वेग मोठ्या माणसाच्या साधारण निम्मा असतो. तो मोठ्यांच्या बरोबरीला यायला तीन ते पाच वर्षं लागतात. मुदतीआधी आलेल्या बाळात तो आणखी कमी असतो. आता आजींच्या हरकतीचं उत्तर: हा वेग मोजला तर तो बाळ बाहेर येऊन किती दिवस झाले त्यावरून ठरत नाही, गर्भधारणेपासूनच्या एकूण आठवड्यांवरून ठरतो. ३० व्या आठवड्यात जन्मून दहा आठवडे बाहेर काढलेल्या बाळाचा वेग, आज ४० आठवड्यांनी जन्मलेल्या बाळाच्या आसपासच असतो. दहा आठवडे आधी आला म्हणून त्याच्या नसा दहा आठवडे पुढे जात नाहीत.

“म्हणजे बाहेर आला तरी आतून पोटातच होता,” आजी म्हणाल्या. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

लुळेपणाचं उत्तर आईच्या फोनमध्येच होतं. पेटीतल्या पहिल्या आठवड्याचा फोटो मी मागून घेतला. बाळ उताणं, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे उघडे, पाय बाहेरच्या बाजूला पडलेले, गुडघ्यात जेमतेम वाकलेले. हा फोटो त्यांनी कुणाला दाखवला नव्हता, कारण त्यांना त्यात आजार दिसायचा. खरं तर ३० आठवड्यांचं बाळ असंच दिसतं. स्नायूंचा ताण, ज्याला डॉक्टर टोन म्हणतात, साधारण २८ व्या आठवड्यापासून पायांकडून वर चढत येतो. २८ आठवड्यांचं बाळ जवळजवळ सपाट पडलेलं असतं. ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास पाय बेडकासारखे दुमडायला लागतात, त्यानंतर हात वाकतात, आणि ४० आठवड्यांपर्यंत चारही हातपाय अंगाशी घट्ट येतात. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशयात जागा कमी पडते, तीही या दुमडण्याला मदत करते. या बाळाला ती दाटी मिळालीच नाही. पेटीत कापडाच्या गुंडाळ्या करून बाळाभोवती घरट्यासारखं रचतात ते याचसाठी. तरीही मुदतीआधी आलेलं बाळ ४० आठवड्यांचं होतं तेव्हा पूर्ण दिवसांच्या नवजातापेक्षा थोडं सैलच वाटू शकतं.

बाळाचे दिवस किती भरले याचा अंदाज डॉक्टर याच गोष्टींवरून घेतात. बॅलर्ड स्कोअर नावाची तपासणी १९७९ मध्ये आली, १९९१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिचा निम्मा भाग त्वचा, कान, तळव्यावरच्या रेषा वगैरेंचा, आणि निम्मा मज्जातंतू-स्नायूंचा: बाळ कसं पडलंय, मनगट किती वाकतं, सरळ केलेला हात किती लवकर परत दुमडतो, गुडघा किती उघडतो, कोपर छातीवरून किती पलीकडे जातं, टाच कानाकडे किती पोचते. फार आधी आलेल्या बाळाचा हात मफलरसारखा गळ्याभोवती नेता येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचं कोपर छातीच्या मध्यापर्यंतही येत नाही. हा सैलपणा त्या वयाची खूण असते. त्याला अशक्तपणा म्हणू नये.

माझ्याकडे पूर्ण दिवसांच्या बाळांचे आईवडील नेमकी उलटी काळजी घेऊन येतात: “मुठी उघडतच नाही, पाय सरळ होत नाहीत, आखडलाय का?” पहिल्या आठवड्यांत तसं असणंच बरोबर असतं. ती घडी पुढे आपोआप सुटत जाते. पाय ओढून सरळ करू नका आणि सरळ ठेवून घट्ट बांधून तर अजिबात टाकू नका. खुब्याच्या सांध्याला त्याने इजा होऊ शकते.

“दूध ओढायला आळशी होता” हे वाक्यही त्या घरात रुळलेलं होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी बाळ चोखेल, पण मधेच श्वास घ्यायला थांबता येणार नाही आणि ठसका लागेल. म्हणून नळी. तेराशे ग्रॅमच्या बाळाला आळशी म्हणायची सवय मोडा, एवढंच मी म्हटलं. बाबा हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मी शेवटपर्यंत धावपळ केली म्हणून आधी झाला का?” बऱ्याचदा मुदतपूर्व प्रसूतीचं नेमकं कारण सापडतच नाही, आणि नेहमीची कामं केल्याने बाळ आधी आलं असं धरायला आधार नाही. हे मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आजींकडे बघून.

मग डॉक्टरांनी आमच्यासमोर बाळाला तपासलं. हात धरून हळूच उठवलं तेव्हा डोकं मागेच राहिलं. आईचा चेहरा उतरला. पण बसत्या अवस्थेत धरल्यावर डोकं पुढे पडलं, डगमगत वर आलं, दोन-तीन सेकंद टिकलं, पुन्हा पडलं, पुन्हा वर आलं. चार महिन्यांच्या बाळात हे बघितलं असतं तर पुढच्या तपासण्या ठरवल्या असत्या. सात आठवड्यांच्या बाळाकडून एवढीच अपेक्षा असते. जन्माआधी ताण पायाकडून डोक्याकडे चढतो, जन्मानंतर हालचालींवरचा ताबा मात्र डोक्याकडून पायाकडे उतरतो: आधी मान, मग धड, मग पाय. मेंदूपासून मणक्यात उतरणाऱ्या हालचालीच्या मार्गावर मायलिन चढण्याचं काम साधारण दोन वर्षांपर्यंत चालू असतं. सुधारित वयही आपण ढोबळमानाने दोन वर्षांपर्यंतच धरतो.

मधेच दाराचा आवाज झाला आणि बाळ दोन्ही हात फेकून दचकलं. त्याचीही घरात धास्ती होती. हे दचकणं साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत, तेही सुधारित वयाच्या, अपेक्षितच असतं. हनुवटी किंवा पाय थरथरत असेल तर तो अवयव हलकेच धरून बघायचा. थांबलं तर बहुधा काळजी नाही. धरूनही थांबलं नाही, सोबत डोळे एका बाजूला लागले किंवा श्वास अडखळला, तर मात्र ताबडतोब दवाखाना.

आणि इथेच माझा एक आग्रह असतो. वजाबाकी कळली की काही घरं दुसऱ्या टोकाला जातात: “आधी झालाय ना, होईल सावकाश.” हे वाक्य मला “याच्यात काहीतरी बिघाड आहे” इतकंच खटकतं. लवकर जन्मलेल्या बाळांत सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होण्याची, शक्यता पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असते. जितकं लवकर, तितकी जास्त. सोनोग्राफी चांगली असणं दिलासादायक आहे, पण ती हमी नव्हे. सुधारित वय धरूनही चार महिन्यांत मान स्थिर होत नसेल, तीन महिन्यांनंतरही मुठी सतत घट्ट आणि अंगठा आत असेल, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, एक बाजू कमी हलत असेल किंवा वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, तर थांबायचं नाही. येत असलेली गोष्ट बंद झाली तर वय कोणतंही असो, दाखवायचंच.

घरी काय करायचं, हे त्या मानाने थोडक्यात आहे. स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्माच्या सुमारास जवळपास ठरलेली असते. पुढे तंतू जाड आणि लांब होतात, आणि वापरल्याने बळकट होतात. म्हणून बाळ जागं असताना, कुणाची तरी नजर असताना, थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं. आईच्या किंवा बाबांच्या छातीवर ठेवलं तर उत्तमच. झोपवायचं मात्र उताणंच. उशा लावून बसवणं, पायांवर उभं करणं, पुढे वॉकरमध्ये घालणं, यातून काही लवकर येत नाही. आजींनी उशांचा बेत केलाच होता. तो रद्द झाला.

बाबांना एक काम दिलं. सुधारित वय बारा ते चौदा आठवडे झालं की, बाळ जागं आणि खुशीत असताना, उताणं ठेवून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. खेळणं दाखवायचं नाही, बोलायचं नाही. साधारण नऊ ते वीस आठवड्यांच्या काळात निरोगी बाळाच्या मान, खांदे, मनगटं, घोट्यांत बारीक, सतत चालू असलेल्या हालचाली दिसतात. त्या असणं मेंदूच्या दृष्टीने फार चांगलं लक्षण मानतात. त्या दिसल्या नाहीत तर वाट न बघता थेरपी सुरू करता येते. सात आठवड्यांना त्या शोधण्यात अर्थ नव्हता.

निघताना आजींनी विचारलं, “मग लसपण त्या दुसऱ्या तारखेनेच का?” नाही. लसी जन्मतारखेनेच, वजाबाकी न करता. जन्मतःच वजन दोन किलोपेक्षा कमी असेल तर हिपॅटायटिस बीच्या डोसबाबत वेगळा विचार असतो, तेवढं डॉक्टरांना विचारायचं. त्यांची चार महिन्यांपर्यंतची एक लस याच गैरसमजात राहून गेली होती. ती त्यांनी त्याच दिवशी घेतली.