इलेक्ट्रोलिसिस नीट होतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की हनुवटीवरच्या केसांसाठी गेले दोन-अडीच महिने इलेक्ट्रोलिसिस (केसाच्या छिद्रात बारीक सुई घालून करंटने मूळ कायमचं मारायची पद्धत) चालू आहे, सिटिंग झालं की आठवड्याभरात केस पुन्हा दिसतात, करणाऱ्या ताई म्हणतात ‘धीर धरा’ आणि पैसे मात्र जातायत. मग खरंच मूळ जळतंय की नुसतेच केस उपटले जातायत?

मी डॉक्टर नाही. पीसीओएसमुळे (हॉर्मोनच्या बिघाडाचा त्रास, त्यात चेहऱ्यावर केस वाढतात) हनुवटी आणि गळा दोन्हीकडे हेच करून घेतलंय. एका ठिकाणी काम वाईट झालं, दुसरीकडे चांगलं झालं, त्यामुळे फरक चांगला माहीत आहे.

सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा, आणि ती तुम्हाला डोळे मिटूनही कळेल. करंट दिल्यावर चिमट्याने केस काढतात, तेव्हा ओढ लागते का? थ्रेडिंगला किंवा प्लकिंगला जो ‘टच्च’ होतो, तो जाणवला तर मूळ सुटलेलंच नव्हतं, केस उपटला गेला. नीट झालेला केस लोण्यातून काढावा तसा येतो. चिमटा लागला हेही कधी कधी कळत नाही. एखाददुसऱ्या केसाला ओढ लागणं चालतं, पण चांगली काम करणारी बाई तिथे थांबते, त्याच छिद्रात पुन्हा सुई घालून परत करंट देते. जोर लावून ओढत नाही. मी दुसऱ्या ठिकाणी गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी पहिले काही केस पांढऱ्या टिश्यूवर ठेवून भिंगाच्या दिव्याखाली दाखवले होते. जाड केसांच्या खालच्या टोकाला काळसर गाठ आणि तिच्याभोवती ओलसर, काचेसारखं पारदर्शक आवरण होतं. तुम्हीही दाखवायला सांगा. प्रत्येक केसाला ते आवरण दिसेलच असं नाही, आणि उपटलेल्या केसालाही ते कधी येतं, म्हणून खरी परीक्षा ओढ लागते की नाही हीच.

दुसरी खूण वेदनेची आहे. सुई कातडीत टोचायची नसते. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो त्याच छिद्रातून, केसाच्या कलाने, ती मुळापर्यंत सरकवायची असते. त्यामुळे सुई जाताना जवळजवळ काहीच कळायला नको. दुखतं ते करंट सुरू झाल्यावर, गरम चिमटा काढल्यासारखं. ओठांवर केलं तर डोळ्यांतून पाणी येतं, शिंकाही येतात, ते ठीक आहे. पण सुई जातानाच टोचत असेल, रक्ताचा थेंब येत असेल, तर ती छिद्राची भिंत फोडून भलतीकडे जातेय. आणि करंट देताच छिद्राभोवतीची कातडी पांढरी पडत असेल तर उष्णता खाली मुळाशी न जाता वरच पसरतेय. ते लगेच बोलून दाखवा, संकोच करू नका.

कोणती पद्धत वापरतात तेही विचारा. थर्मोलिसिसमध्ये मूळ उष्णतेने जळतं, एका केसाला क्षणभर ते काही सेकंद लागतात. गॅल्व्हॅनिकमध्ये डीसी करंटमुळे त्वचेतल्याच मीठ-पाण्यातून सुईपाशी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ खाऊन टाकतो. हे खात्रीचं पण फार संथ काम आहे. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र असतं. गॅल्व्हॅनिक किंवा ब्लेंड असेल तर सर्किट पूर्ण व्हायला तुमच्या हातात धातूची दांडी किंवा अंगाला लावायची पट्टी दिलीच पाहिजे. ती नसताना कोणी ‘ब्लेंड करतोय’ म्हणत असेल, तर तुम्हाला मिळतंय ते थर्मोलिसिसच. त्यात वाईट काही नाही, पण मग ब्लेंडचा दर कशाला? आणि ‘सुई नको, चिमट्यातूनच करंट जातो’ म्हणणाऱ्या यंत्रांच्या नादी लागू नका. केसातून करंट मुळापर्यंत पोचत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: केस परत का येतात? हनुवटीवर आज जेवढे केस दिसतात तेवढेच तिथे नसतात. बरीच छिद्रं त्या दिवशी रिकामी किंवा झोपलेली असतात आणि त्यांची पाळी नंतर येते. शिवाय केस वाढीच्या अवस्थेत नसेल तर एका वेळेत मूळ मरेलच असं नाही. तो काही महिन्यांनी परत येतो, पण बारीक होऊन. म्हणून आठवड्याभरात केस दिसले एवढ्यावरून काम वाईट म्हणता येणार नाही. मात्र दोन-तीन दिवसांत त्याच जागी टोचणारे काळे खुंट बरेच दिसायला लागले, तर केस मुळापासून न येता मध्येच तुटतायत असा संशय घ्या. (आदल्या दिवशी दाढीचा रेझर फिरवला असेल तर हे लागू नाही. तेव्हा जे कातडीखाली होते तेच वर येतात.)

प्रगती केसांवरून न मोजता वेळेवरून मोजा. एका बैठकीत पूर्ण हनुवटी साफ करायला सुरुवातीला तासभर लागत असेल, तर काही महिन्यांनी त्याच कामाला कमी वेळ लागायला हवा आणि दोन सिटिंगमधलं अंतर वाढायला हवं. पूर्ण व्हायला साधारण वर्ष ते दोन वर्षं धरून चला. ‘सहा सिटिंगमध्ये कायमचे गायब’ असं पॅकेज विकणाऱ्यांपासून मी लांबच राहते. मध्ये थ्रेडिंग, वॅक्सिंग, प्लकिंग पूर्ण बंद, नाहीतर सुई घालायला केसच सापडत नाही. कात्री किंवा रेझर चालतो, फक्त सिटिंगच्या आधी दोन-तीन दिवस केस वाढू द्यायचा. ते तीन दिवस ओढणी गळ्याशी घेऊन ऑफिसला जावं लागतं, त्याला इलाज नाही.

सिटिंगनंतर काही तास लाली आणि सूज, दुसऱ्या दिवसापासून टाचणीच्या टोकाएवढ्या तपकिरी खपल्या, हे चालतं. खपल्या काढायच्या नाहीत, उन्हात सनस्क्रीन, आणि आजीचा हळद-लिंबाचा लेप निदान आठवडाभर कपाटातच राहू द्या. आपल्या सावळ्या कातडीवर काळपट डाग राहू शकतात, ते जायला महिने लागतात पण सहसा जातात. खड्डे मात्र जात नाहीत. पाणी सुटणाऱ्या जखमा, मोठ्या खपल्या किंवा खड्डे दिसले तर करंट जास्त आहे किंवा अगदी शेजारशेजारचे केस एकाच वेळी जाळतायत. काम तिथेच थांबवा. ही पद्धत अमेरिकेतल्या सेंट लुईसमधले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी 1875 साली पापणीच्या आत वळलेल्या केसांसाठी प्रसिद्ध केली. पापणीच्या कडेवर जे जमतं ते हनुवटीवर खड्डे न पाडता जमायलाच हवं.

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि नंतर फेकली पाहिजे. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा प्रश्न आहे, इथे भिडस्तपणा नको. हातमोजे, भिंग, निर्जंतुक चिमटा हेही हवंच. तीळ किंवा चामखिळीवरचा केस डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू देऊ नका. पेसमेकर असेल तर हे करायचंच नाही. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. डॉक्टर म्हणवत असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी बघता येते.

पाळी अनियमित असेल किंवा केस अचानक वाढले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टना (हॉर्मोनच्या डॉक्टरांना) दाखवून हॉर्मोनच्या तपासण्या करून घ्या. सुई आहे तो केस मारते, नवा उगवणारा थांबवत नाही. माझ्या गळ्यावर औषध सुरू झाल्यावरच खरा फरक पडला. आवाज जाड होत असेल तर तपासणी लांबवू नका. आणि कोणी ‘लेझरच कर’ म्हणेल, तर लेझरला काळा, जाड केस लागतो. पांढऱ्या केसावर ते चालत नाही, आणि पीसीओएसवाल्यांच्या चेहऱ्यावर लेझरने उलट केस वाढल्याचीही उदाहरणं आहेत.

पुढच्या सिटिंगला असं करा: हनुवटीचा रुपयाच्या नाण्याएवढा एक भाग ठरवा, तेवढाच दर वेळी पूर्ण साफ करून घ्या आणि त्याच उजेडात, त्याच खिडकीशी फोटो काढत जा. तीन-चार महिन्यांनी तिथले केस तेवढेच जाड आणि तेवढेच दाट असतील तर जागा बदला, पॅकेजचे पैसे आधी भरलेले असले तरी.