बहुराष्ट्रीय कंपनीत एका देशातलं ज्ञान दुसऱ्या देशात का पोहोचत नाही?

ज्ञान नोंदवून ठेवायचं सॉफ्टवेअर कंपनीत सगळीकडे एकच असतं, पण त्यात काय लिहायचं आणि काय पोटात ठेवायचं हे संस्कृती ठरवते. डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएम या संगणक कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांनी सर्वेक्षणात दिलेली उत्तरं तपासली. कंपनी एकच, तरी वरिष्ठांकडे बघण्याची नजर देशागणिक वेगळी निघाली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. साहेबाला उलट बोलणं जिथे उद्धटपणा ठरतं, तिथे फसलेल्या प्रयोगाची नोंद कुणी करत नाही, आणि खरं तर तीच सर्वांत मोलाची असते. भाषेचा अडसर वेगळाच. म्हणून ज्ञान नोंदवायला नुसतं पोर्टल उभारू नका. माणसांना काही महिने एकमेकांच्या कार्यालयात पाठवा. सोबत काम करताना न लिहिलेलंही कळतं.