बोर्ड बोलतो, पण ऐकत नाही

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत देखभालीचे काम पाहतो. भट्टीचे तापमान मोजणारा ईएसपी८२६६ बोर्ड यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडून मी उबंटूवर क्यूटकॉम (सिरियल पोर्टवरून मजकूर पाठवण्या-वाचण्याचा प्रोग्राम) वापरतो. बोर्ड सुरू होताच काही अगम्य चिन्हे उमटतात, पुढे तापमानाचे आकडे व्यवस्थित येतात. मात्र मी पाठवलेल्या कमांडला बोर्ड दाद देत नाही. तो बिघडला असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. आकडे स्वच्छ दिसतात, त्याअर्थी बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) बरोबर आहे आणि ग्राउंडची व बोर्डाकडून येणारी वायर ठीक आहे. सुरुवातीच्या चिन्हांची चिंता नको. २६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असलेल्या या चिपमधील मूळ प्रोग्राम आपला संदेश ७४८८० बॉडने पाठवतो आणि आपली क्यूटकॉमची खिडकी बहुधा ११५२०० वर उघडलेली असते, म्हणून तो अगम्य दिसतो.

खरी गोम ओळीच्या शेवटात असावी. क्यूटकॉममध्ये एंटर दाबल्यावर संपूर्ण ओळ एकदम जाते, पण तिच्या शेवटी काय जोडायचे हे मजकुराच्या चौकटीशेजारील यादीतून आपण ठरवायचे असते. तेथे ‘काहीही नाही’ हा पर्याय निवडलेला असेल, तर बोर्डावरील प्रोग्राम ओळ संपण्याची वाट पाहत राहतो. एलएफ (नवी ओळ), सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत) आणि दोन्ही मिळून सीआर-एलएफ हे ओळ संपवणाऱ्या चिन्हांचे पर्याय क्रमाने वापरून पाहा. बोर्डावर एटी कमांडचे फर्मवेअर (‘AT’ने सुरू होणाऱ्या कमांड समजणारा चिपमधील प्रोग्राम) असेल, तर सीआर आणि एलएफ दोन्ही लागतात. हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरींवरून ‘थांब-पाठव’ असे इशारे देण्याची सोय) बंद ठेवा.

तरीही उत्तर न आल्यास बोर्ड सोडवून कन्व्हर्टरचे टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी पिन) एकमेकांना जोडा व काहीही टाइप करून पाठवा. तोच मजकूर परत आला, तर कन्व्हर्टर निर्दोष आहे आणि शोध त्याच्या टीएक्सपासून बोर्डाच्या आरएक्सपर्यंतच्या वायरीत घ्यावा. ही चिप ३.३ व्होल्टची आहे, त्यामुळे कन्व्हर्टरचा जंपर (व्होल्टेज निवडण्याची छोटी जोडपट्टी) ५ व्होल्टवर नाही ना, हे आधी पाहा. जुन्या कंट्रोलरचा नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट तर तिला थेट जोडूच नये, कारण तेथील व्होल्टेज उणे बाजूलाही जाते आणि चिप निकामी होऊ शकते.

आपण विचारलेले नाही, तरी भट्टीचा उल्लेख आला म्हणून सांगतो : इंडक्शन भट्टीजवळून ही साधी वायर लांबवर नेऊ नका. ऑफिसपर्यंत आकडे न्यायचे असतील, तर आरएस-४८५ (लांब अंतराच्या सिरियल जोडणीची पद्धत) मॉड्यूल बसवून पिळलेल्या जोडवायरीचा वापर करावा. कमी वेगाला ती सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते.